दिवाळीनंतरचे चार शनिवार

महाड औद्योगिक वसाहतीतील सर्व कारखान्यांच्या व्यवस्थापकांना खुले पत्र



मी तुमच्यापैकीच एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. बावीस वर्षं झाली. टाकीतली पातळी, लाइनमधलं प्रेशर, रिॲक्टरचं तापमान यांच्यावर नजर ठेवणारी यंत्रं बसवायची, तपासायची, बिघडली की रात्री-अपरात्री उठून दुरुस्त करायची, हे माझं काम. राहतो बिरवाडीला. या पत्रात मी पैसे मागणार नाही. जे मागायचं आहे ते तुम्हाला पैशांपेक्षा स्वस्त पडेल. पण ते का हवं हे कळायला आधी माझ्या भाचीच्या वहीबद्दल सांगावं लागेल.

भाची सातवीत आहे. पोलादपूरच्या पुढे, सावित्रीच्या काठावर एका वाडीत बहिणीचं घर आहे. यंदा श्रावणात शाळेत बाईंनी सांगितलं, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सौर ऊर्जेवर काहीतरी करा. रविवारी ती माझ्याकडे आली.

"मामा, सोलरचं काहीतरी करायचंय."

"काय करायचंय?"

"पंखा, लाइट, मोबाईल चार्जिंग. सगळं एकातच."

मी म्हटलं, ते राहू दे. तुमच्या वाडीत लाइट गेल्यावर कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते, ते सांग. तिला वाटलं मी विषय बदलला. चहा झाला, भजी झाली, पाऊस उघडला, आणि निघता निघता ती पायरीवरून म्हणाली, "पाणी चढलेलं कळत नाही, त्याची."

२२ जुलै २०२१ हा दिवस तुम्हाला सांगायला नको. सावित्री जिथून उतरते त्या महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाड शहर पाण्यात होतं, वीज नव्हती, मोबाईल बंद होते. तळीयेत दरड येऊन ऐंशीहून अधिक माणसं गेली, आमच्या पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे दरडी कोसळल्या. त्या रात्री बहिणीच्या घरी पाणी आल्याचं कळलं ते गोठ्यातली म्हैस ओरडायला लागली म्हणून. भाची तेव्हा लहान होती. आजीच्या कडेवर बसून वरच्या आळीत गेलेली तिला आठवते. त्याआधी पाच वर्षं, २ ऑगस्ट २०१६च्या रात्री, महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. आमच्या भागात पाणी रात्रीच चढतं असं नाही, पण रात्री चढलेलं पाणीच माणसं नेतं.

म्हणून ठरलं: नदीचं पाणी एका खुणेपर्यंत आलं की वाडीत हूटर वाजेल आणि लाल दिवा लागेल, आणि हे सगळं विजेच्या तारेवर नाही, उन्हावर चालेल. मला वाटलं काम झालं. पुढच्या रविवारी ती वही घेऊन आली आणि पहिल्याच पानावर प्रश्न होता: "पूर येतो तेव्हा ऊन कुठे असतं?"

माझ्या खात्यात नवा आलेला डिप्लोमावाला पहिल्या महिन्यात असा प्रश्न विचारत नाही. सौर दिव्याची तयार किटं मिळतात. त्यांच्यासोबतच्या कागदावर हा प्रश्न नसतो, कारण ती किटं कोकणातल्या जुलैसाठी बनलेली नसतात. तिच्या त्या एका ओळीनंतर आमचं प्रदर्शनाचं मॉडेल संपलं आणि खरं काम सुरू झालं.

मग आम्ही वहीत दोन रकाने आखले, काय लागतं आणि किती वेळ लागतं. हूटर आणि दिवा मिळून २०० मिलिअँपिअर घेतात, हे तिने मल्टिमीटर लावून स्वतः वाचलं. बॅटरी घेतली ती इमर्जन्सी दिव्यात असते तसली, ६ व्होल्टची, ४.५ अँपिअर-अवरची. अशी बॅटरी पार उतरू द्यायची नसते, म्हणून अर्धीच धरली, २.२५. भागाकार तिने केला. अकरा तास आणि वर पंधरा मिनिटं. "संध्याकाळी सातला वाजला तर उजाडेपर्यंत पुरेल," ती म्हणाली.

पण हूटर वर्षातून एखादी रात्र वाजणार. बाकीचे दिवस यंत्राने नुसतं जागं राहायचं. जागं राहायला किती लागतं? सर्किटमध्ये एक लाख ओहमचा रेझिस्टन्स आहे. ६ व्होल्टला त्यातून ६० मायक्रोअँपिअर जातात, म्हणजे दिवसाला दीड मिलिअँपिअर-अवरसुद्धा नाही. महिन्याचे झाले त्रेचाळीस. मी तिला सांगितलं की ही बॅटरी काही काम न करता फळीवर ठेवली तरी महिन्याला साधारण ३ टक्के आपोआप उतरते. तिने गुणाकार केला, १३५ आले. वहीवरून मान वर करून म्हणाली, "म्हणजे पहारेकऱ्यापेक्षा बॅटरीच जास्त खाते!"

पॅनल ३ वॉटचं. लख्ख उन्हात काटा ३००च्या आसपास गेला आणि दाट मळभात ३०वर आला. मळभाचे पाच तास धरले तरी दिवसाला दीडशे मिलिअँपिअर-अवर आत येतात. यंत्राची आणि बॅटरीची महिन्याची भूक मळभाच्या दोन दिवसांत भागते. तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं ते हे. पॅनल मोठं लागत नव्हतं, खाणारं तोंड लहान ठेवायला लागत होतं. तरी तिचं समाधान झालं नाही. एक रात्र हूटर वाजला तर तेवढी भर मळभात पडायला पंधरा दिवस लागतील, आणि दुसऱ्याच रात्री पाणी पुन्हा चढलं तर? मी उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मामा, सलग कशाला वाजवायचा? दोन सेकंद वाजू दे, आठ सेकंद गप्प." अकरा तासांचे छप्पन्न झाले. शिवाय थांबून थांबून वाजणारा आवाज पावसात जास्त ओळखू येतो, हे तुमच्या सेफ्टी ऑफिसरलाही पटेल.

पॅनल कुठल्या दिशेला लावायचं यावर आमचा वाद झाला. पुस्तकात दक्षिणेकडे लिहिलेलं असतं, आणि आपलं महाड १८ अंश अक्षांशावर, म्हणून तेवढाच कल. वर्षभराच्या हिशेबाने ते बरोबर आहे. पण मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. हे मला माहीत होतं, कधी पाहिलं नव्हतं. तिने अंगणात काठी उभी करून सावली पाहायचं ठरवलंय, पण त्याला पुढचा मे उजाडावा लागेल. तोवर कल दक्षिणेलाच ठेवलाय, कारण सपाट पॅनलवर पाणी साचतं, पानं बसतात आणि श्रावणात शेवाळ धरतं. मे महिन्यात तर उलटी अडचण येते. एवढ्याशा बॅटरीला रोज कडक उन्हाचा सगळा करंट दिला तर ती उकळून मरेल, म्हणून मध्ये कंट्रोलर हवा. तो बाजारातून आणायचा, कारण सातवीच्या मुलीने तोही बनवावा असं मला वाटत नाही.

आता तुमच्या आणि माझ्या धंद्यातली गोष्ट. तिच्या पहिल्या चित्रात पाणी चढलं की फ्लोट वर जायचा, चुंबक रीड स्विचजवळ यायचं, संपर्क जुळायचा आणि हूटर वाजायचा. मी विचारलं, तार तुटली तर? पुरात पहिली तुटणार ती तारच. तिने चित्राकडे बघितलं आणि गप्प झाली. तार तुटली तर संपर्क कधीच जुळणार नाही, आणि वाडी हूटरच्या भरवशावर झोपलेली असेल. मग मी तिला आमच्या टाकीचा हाय लेव्हल अलार्म कसा असतो ते सांगितलं. सगळं ठीक असताना संपर्क जोडलेला असतो, आणि बहुतेक बिघाडांत तो सुटतो आणि अलार्म येतो. तिने चित्र उलटं केलं. आता पाणी खाली असताना चुंबक स्विचपाशी असतं. पाणी चढलं, तार तुटली किंवा फ्लोटच वाहून गेला, तिन्ही वेळेला हूटर वाजतो. बॅटरी, हूटर आणि पॅनल वाडीत वर ठेवायचे, नदीकडे फक्त फ्लोट जाईल. हे शिकायला तिला वीस मिनिटं लागली. ते कुठल्याही शालेय पुस्तकात मी पाहिलेलं नाही. तुमच्या प्रत्येक कारखान्यात मात्र ते जाणणारी माणसं तीन पाळ्यांत कामाला आहेत.

हे पत्र मी त्यासाठी लिहितोय.

मी आठवीत होतो तेव्हा शाळेच्या खिडकीतून वसाहतीच्या चिमण्या दिसायच्या आणि भोंगा ऐकू यायचा. भोंग्यावर आम्ही घड्याळ लावायचो. तो कशावर वाजतो, कोण वाजवतं, आतल्या धुराचं आणि पाण्याचं पुढे काय होतं, हे सांगायला कोणी कधी शाळेत आलं नाही. गावातले लोक आत गेले ते हेल्पर म्हणून, कंत्राटदाराकडे. मी आत गेलो तोही आयटीआय करून, आणि लेव्हल स्विच उघडून बघितला तेव्हा वाटलं, हे तर मला आठवीत कळलं असतं. त्या वाटण्यात राग होता. आज नाही, पण भाचीच्या वाडीतल्या मुलांच्या वाट्याला तीच तीस वर्षं पुन्हा येऊ नयेत असं फार वाटतं.

तुम्ही शाळांना देता, हे खरं आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्चावे लागतात, आणि त्यातून आपल्या भागात बाकं आली, पाण्याच्या टाक्या आल्या, भिंतीवरचे डिजिटल फळे आले. त्यांची गरज होती. पण प्रदर्शनांत मी काय पाहतो? एका टेबलावर शहरातून आणलेलं तयार मॉडेल, चकचकीत, बटण दाबलं की चालणारं. शेजारच्या टेबलावर पुठ्ठ्याचं, मुलाने स्वतः केलेलं, निम्म्या वेळा बंद पडणारं. आणि त्या दुसऱ्या मुलाला ते का बंद पडतं हे शोधायला मदत करणारं कोणी नसतं. शिक्षकांकडे पोषण आहारापासून निवडणुकीपर्यंत सगळी कामं आहेत, आणि शाळेत मल्टिमीटर नाही. माझ्या हातूनही एकदा चूक झाली. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या मुलाचं सौर मॉडेल मीच एका रात्रीत डाग देऊन पूर्ण करून दिलं. ते चाललं. परीक्षकांनी त्याला विचारलं, हा डायोड कशासाठी? रात्री बॅटरीतला करंट उलटा पॅनलमध्ये जाऊ नये म्हणून, एवढंच उत्तर होतं. मी ते त्याला सांगितलंच नव्हतं. तो मुलगा माझ्याकडे बघत राहिला.

अशी मदत कशी करायची याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून ते तिथे गेले आणि खेड्यातल्या मुलांनी हाताने काम करता करता विज्ञान शिकावं याची पद्धत त्यांनी बसवली. म्हणजे कारखान्याच्या जगातला माणूस शाळेत आला तर काय होतं, हे चाळीस वर्षांपूर्वीच दिसलंय. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या उपक्रमातही गावातल्याच लोकांना दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं गेलं. आणि सौर विजेचा सगळा इतिहासच मुलांच्या जवळचा आहे. उजेडातून वीज निघते हे १८३९मध्ये बेकरेल नावाच्या फ्रेंच मुलाने वडिलांच्या प्रयोगशाळेत पाहिलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. १९५४मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने कामाची पहिली सिलिकॉन सौर बॅटरी लोकांपुढे आणली, तेव्हा तिच्यावर त्यांनी खेळण्यातला आकाशपाळणा फिरवून दाखवला. तेव्हा उन्हातल्या ऊर्जेचा ६ टक्के भाग विजेत यायचा, आज आपल्या छपरावरच्या चांगल्या पॅनलमध्ये वीसच्या आसपास येतो. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिला टक्क्यांत रस नव्हता. पाळणा केवढा होता, ते तिने विचारलं.

माझं मागणं असं आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रदर्शनापर्यंतचे चार शनिवार प्रत्येक कारखान्याने आपला एक माणूस जवळच्या एका शाळेला द्यावा. शनिवारी शाळा सकाळची असते, सुटल्यावर दोन तास पुरे. तो माणूस मॅनेजर नको. इन्स्ट्रुमेंटचा, इलेक्ट्रिकलचा, नाहीतर वर्कशॉपमधला फिटर हवा, ज्याचे हात रोज या कामात असतात. क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये ज्या मुली काम करतात त्यांनी तर जरूर जावं. सातवी-आठवीच्या पोरींना पांढरा कोट घातलेली, आपल्याच बोलीत बोलणारी ताई दिसू दे. तो शनिवार हजेरीपटावर ड्युटी म्हणून लागावा, रजा म्हणून नाही. नाहीतर पहिल्या आठवड्याला लोक जातील आणि तिसऱ्याला कोणी जाणार नाही. मी कामगार आहे, मला हे माहीत आहे.

जाणाऱ्याने बरोबर मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन न्यावी, मॉडेल नेऊ नये. पहिल्या शनिवारी फक्त बोलावं: तुमच्या घरी, शेतात, वाडीत काय अडतं? दुसऱ्या शनिवारी वही. जोडणी त्यानंतर. आणि डाग मुलानेच द्यायचा, वेडावाकडा झाला तरी. घाई करू नये. माझ्या भाचीला पंख्यावरून पुरातल्या उन्हाच्या प्रश्नापर्यंत यायला आठवडा लागला होता, आणि मी त्या आठवड्यात काही शिकवलं नव्हतं.

सामानाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण चांगल्या हेतूने इथे मोठी चूक होऊ शकते. भंगारातलं काही शाळेत पाठवू नका. ॲसिडच्या किंवा सॉल्व्हंटच्या लाइनमधून निघालेला फ्लोट, व्हॉल्व्ह, गेज कितीही धुतला तरी मुलांच्या हाती जाता कामा नये. जुन्या लॅपटॉपच्या लिथियम बॅटऱ्याही नकोत, त्या दाबल्या किंवा चुकीच्या जोडल्या तर पेटतात. स्टोअरमध्ये नवीच पडून राहिलेली, मॉडेल जुनं झालं म्हणून न लागलेली बटणं, दिवे, केबलचे तुकडे, टर्मिनल चालतील. यादी करून, सेफ्टीवाल्याची सही घेऊन द्या, जसं परमिट देता तसं.

दर सहा महिन्यांनी तुम्ही मॉक ड्रिल घेता. सायरन वाजतो, आम्ही असेंब्ली पॉइंटला जमतो, हजेरी होते. कुंपणाच्या बाहेरच्या गावांना त्या सायरनचा अर्थ कोणी सांगितलेला नाही. मुलं स्वतःचा हूटर बनवतील तेव्हा तुमचा सायरनही त्यांना कळायला लागेल, आणि ती प्रश्न विचारतील. काही प्रश्न नदीबद्दल असतील, सांडपाण्याबद्दल असतील. त्यांची उत्तरं द्यायला लागतील, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. ते टाळायचं असेल तर माणूस पाठवू नका.

सरकारचा इन्स्पायर मानक पुरस्कार आहे. शाळेने मुलांच्या कल्पना पाठवायच्या, निवडलेल्या मुलाला मॉडेलसाठी १०,००० रुपये मिळतात. तिथे तयार मॉडेलला नाही, मुलाच्या स्वतःच्या कल्पनेला किंमत आहे. चार शनिवारांतून आपल्या दोन तालुक्यांतून अशा कल्पना नक्की निघतील.

भाचीचं काम अजून अडलेलं आहे. परवा तिने पिंपात फ्लोटची चाचणी घेतली. फ्लोट ज्यात वर-खाली होतो तो पाइप थोडा तिरका झाला की फ्लोट अडकतो. पाइपला भोकं पाडून बाहेरून जाळी लावली, कारण नदी पानं आणि प्लास्टिक घेऊन येते. आता ती जाळी चोंदली तर काय, हे वहीत लिहिलेलं आहे. त्याला आम्ही काहीतरी करू.

दुसरा प्रश्न मात्र मला सुटत नाही. नदीपासून वाडीपर्यंत दीडशे मीटर तार लागते. तिच्यातून जाणारा करंट इतका थोडा की टेलिफोनची जुनी बारीक तारही चालेल, हा हिशेब तिने केलाय. पण तिने विचारलं, "मामा, एवढी लांब तार उघड्यावर. जवळ वीज पडली तर?" प्लांटमध्ये आपण सर्ज प्रोटेक्टर लावतो, अर्थिंग करतो, पण एका वाडीत, दोन-चारशे रुपयांत, सातवीच्या मुलीला कळेल आणि करता येईल असं काय करावं, हे मला ठरवता येत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या इलेक्ट्रिकल खात्यात हे जाणणारा माणूस असेल, तर दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी त्याला पाठवा. साडेअकराला शाळा सुटते. मी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उभा असेन, आणि ती वही माझ्याबरोबर असेल.

आपला,
बिरवाडीचा एक इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन